एक से भले दो?

एका स्पीकरला दोन अ‍ॅम्प्लिफायर. ऐकायला चैन वाटते ना? मलाही वाटायची. पण दिवाळीच्या साफसफाईत बाबांचा जुना अ‍ॅम्प माळ्यावर टाकायची वेळ आली आणि त्यांचा चेहरा असा काही पडला, की म्हटलं, थांबा, बाय-अ‍ॅम्पिंग करून बघू.

माझ्या स्पीकर्सना मागे टर्मिनल्सच्या दोन जोड्या आहेत. खालची वूफरची, वरची ट्वीटरची. मधे धातूच्या पट्ट्या, म्हणजे एकच अ‍ॅम्प दोघांना पुरतो. आता बाबांचा अ‍ॅम्प खाली, माझा वर. लॅमिंग्टन रोडवर वाय-केबल घेताना दुकानदारानं बजावलं, "मॅडम, पट्ट्या आधी काढा हं. नाहीतर दोन्ही अ‍ॅम्पची आउटपुट एकमेकांना भिडतील, एखादा जळेल." घरी आल्यावर चहासुद्धा न घेता पट्ट्या काढल्या!

फायदा? खरं सांगू, गाजावाजा होतो तेवढा नाही. पॉवर दुप्पट धरली तरी फरक फक्त ३ डेसिबल. शिवाय स्पीकरच्या आतला क्रॉसओव्हर तसाच राहतो. खरी मजा (आणि खरा खर्च) असतो तो अ‍ॅम्पच्या आधी इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर लावण्यात. आणि दोन अ‍ॅम्पचा गेन सारखा नसेल तर तोलच बिघडतो. आमचे तर दोन पिढ्यांचे! मग टेस्ट टोन वाजवून, मल्टिमीटरवर दोन्हीकडचे व्होल्ट जुळवले आणि नॉबवर काळ्या टेपनं खुणा केल्या.

दोन दिवसांनी एका असाइनमेंटवरून परतले. घरात किशोरीताईंचा भूप चालू होता आणि तानपुरा अक्षरशः कानात टोचत होता. बघते तर ट्वीटरच्या अ‍ॅम्पचा नॉब खुणेच्या बराच पुढे.

"बाबा, हे काय केलंत?"

"आत्ता कुठे बरोबर लागलंय," ते डोळे मिटूनच म्हणाले. "जवारी किती दिवसांनी ऐकू आली गं."

वय वाढतं तसे आधी वरचे सूर कानातून निसटतात, हे मला माहीत होतं. एका हेल्थ सप्लिमेंटसाठी लिहिलंही होतं. आणि तरी टीव्ही मोठा लावतात म्हणून रोज त्यांच्यावरच डाफरत होते.

नॉब मागे फिरवायला गेलेला हात तसाच खाली घेतला.

आता तिथे दोन खुणा आहेत. काळी माझी, लाल बाबांची. शनिवारी ऑडिओमेट्रीची अपॉइंटमेंट घेतली आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.