पिंपातला काळ

डब्लिन शहरातील व्हिस्कीची शेवटची जुनी भट्टी १९७६ साली विझली. २०१५ साली टीलिंग बंधूंनी त्याच लिबर्टीज भागात नवी पेटविली. मद्य आम्हांस वर्ज्य. तरी ह्या उद्योगाचे कौतुक वाटते. भट्टी पैशाने उभी राहते, व्हिस्की नव्हे. आयरिश कायद्याप्रमाणे गाळलेला अर्क निदान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरल्यावाचून त्यास ते नाव मिळत नाही. म्हणून प्रारंभी ह्या बंधूंनी अन्यत्र गाळलेली जुनी व्हिस्की रमच्या रिकाम्या पिंपांत मुरवून विकली. पिंपे उसनी घेण्यात आम्हांस काही वावगे दिसत नाही. जुने डब्लिनकरही स्पेनच्या शेरीची पिंपे वापरीतच. पण उसन्या अर्कावर नगराचा वारसा सांगावा कसा? २०१८ साली स्वतःच्या भट्टीतली पहिली व्हिस्की बाटलीत उतरली, तेव्हा कोठे डब्लिनचे नाव तीस शोभू लागले.