पंचगंगेच्या दारीं

वाईहून महाबळेश्वर सुमारें ३२ किलोमीटर. १९६९ च्या वैशाखांत आजी, वडील, काका, आई, काकू व मुलें अशीं आम्ही नऊ माणसें एका भाड्याच्या मोटारींत दाटीवाटीनें निघालों. पसरणीच्या घाटांत इंजिन दोनदां तापलें. तें निवेपर्यंत करवंदीच्या जाळ्या आम्हां मुलांच्या स्वाधीन होत्या. पुढें पांचगणीवरून खालीं कृष्णाकांठचीं शेतें दिसलीं. आज तेथें धोम धरणाचा जलाशय पसरला आहे.

त्या वर्षीं दिवाळीनंतर वडील व काका विभक्त व्हावयाचे होते. तत्पूर्वीं सर्वांनीं एकदां क्षेत्र महाबळेश्वरीं स्नान करावें, हा आजीचा आग्रह.

पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री यांचे प्रवाह एकाच गोमुखांतून कुंडांत पडतात. आजीनें विचारलें, "येथून निघाल्यावर ह्या पुन्हा भेटतात का रे?"

काका म्हणाले, "वेण्णा कृष्णेस माहुलीला भेटते, कोयना कऱ्हाडास."

"आणि सावित्री?"

"ती पश्चिमेस वळते, बाणकोटापाशीं समुद्रास मिळते."

आजी कांहीं बोलली नाहीं. वडिलांनीं मात्र तांब्या भरून प्रथम काकांच्या हातीं दिला.

चुली ठरल्याप्रमाणें निराळ्या झाल्या. परंतु गणपती एकाच घरीं बसत राहिला, तो आजतागायत. वाटण्या कोणत्याच कुळास चुकत नाहींत. माहुली आणि कऱ्हाड मात्र आपणच राखावयाचीं असतात. ज्यांच्या दारीं आज मोटार आहे, त्यांनीं मुलांस एकदां ह्या कुंडापाशीं न्यावें आणि परततांना माहुलीचा संगमही दाखवावा.