पिठाची मर्यादा आणि गिरणीचे अंतर

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे कापसाच्या व्यापारावर वाढलेले शहर. १८७० साली जलंबहून येथे लोहमार्गाचा फाटा आला, तो कापसासाठीच. पुढे चांदीच्या व्यवसायाने त्यास ‘रजतनगरी’ हा लौकिक मिळवून दिला. या मोठ्या उलाढालींच्या आश्रयाने जी जुनी पेठ उभी राहिली, तिची खरी सोय मात्र लहान खरेदीत आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दोन पावलांवर किराणा, पुढे गिरणी, वळणावर सांभार आणि भेंडी घेऊन बसलेली भाजीवाली. मंदिरातून परतताना एका फेरीत सारे उरकते.

जैन कुटुंबास या जवळिकीचे मोल विशेष आहे. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवसांची मानली जाते. त्यामुळे चातुर्मासात आठवड्यातून दोनदा तरी गिरणी गाठावी लागते. शिवाय भोजन सूर्यास्तापूर्वी, म्हणून भाजीही वेळेत घरी यावयास हवी. जुन्या पेठेत हे नियम एखादी सत्तरीतील आजी कोणाच्याही मदतीवाचून पाळू शकते.

शहराबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये घर ऐसपैस, हवा मोकळी आणि दाराशी वाहन ठेवण्यास जागा असते. वर्षाचे धान्य किंवा तेलाचे डबे आणावयाचे तर वाहनासारखी सोय नाही, हेही खरे. परंतु मधला रस्ता रुंद, सावली विरळ आणि दुकान दूर. मग दळणाचा डबा नातवाला सवड होईपर्यंत दाराशीच राहतो. घरघंटी घेतली तर पिठाचा प्रश्न सुटतो. पण औषधाची गोळी, ताजी भाजी आणि वाटेवर भेटणारी चार माणसे घरघंटीतून निघत नाहीत. नियम आजीचा, तो पाळणे मात्र दुसऱ्याच्या हाती जाते.

याच जिल्ह्यातील मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. त्यावर पादचाऱ्यास वा दुचाकीस प्रवेश नाही, आणि वेगाच्या मार्गास ते योग्यच आहे. दूरचे जवळ आणणे हे त्याचे काम. जवळचे जवळ राखणे हे वस्तीचे. जुन्या पेठेतही हे काम आता आपोआप होत नाही. बोळांत शिरणाऱ्या दुचाकींमुळे वृद्धांना तेथेही अंग चोरून चालावे लागते.

नवा प्लॉट पाहताना पाणी, वीज आणि रस्ता यांची चौकशी होतेच. त्या दिवशी घरातील ज्येष्ठांनाही सोबत न्यावे आणि त्यांच्या चालीने गिरणीपर्यंत जाऊन यावे. किती वेळ लागला, हे पाहूनच मग इसार द्यावा.