पदवीचे गणित: उत्तराकडून सिद्धतेकडे

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात गणित हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आरंभी बीजगणित व कलन, दुसऱ्या वर्षी अनेक चलांचे कलन व रेषीय बीजगणित, आणि तिसऱ्या वर्षी वास्तव विश्लेषण, ग्रुप थिअरी, मेट्रिक स्पेस, संमिश्र विश्लेषण असे विषय येतात. वेळापत्रकात हे विषय सुटे दिसत असले, तरी त्या सर्वांमधून विद्यार्थ्यात एकच मोठा बदल घडत असतो, असा प्रस्तुत लेखकाचा विद्यार्थिदशेतील अनुभव आहे: बारावीपर्यंत उत्तर काढण्यात रमलेले मन हळूहळू ‘हे खरे कशावरून?’ असे विचारू लागते.

या बदलाची पहिली चाहूल सीमेच्या व्याख्येपाशी लागते. कलनाची उभारणी न्यूटन व लायब्निट्स यांनी सतराव्या शतकात केली. परंतु सीमेची आज वर्गात शिकवली जाणारी काटेकोर व्याख्या एकोणिसाव्या शतकात बोल्झानो, कोशी आणि वायरश्ट्रास यांच्या कामातून साकारली. क्ष ही संख्या २ कडे जाताना तिच्या वर्गाची सीमा ४ असते, हे बारावीचा विद्यार्थी किंमत घालून सांगतो. पदवीच्या वर्गात मात्र एप्सिलॉन ही धन संख्या कितीही लहान दिली, तरी क्ष चे २ पासूनचे अंतर डेल्टापेक्षा कमी असताना वर्गाचे ४ पासूनचे अंतर एप्सिलॉनपेक्षा कमीच राहील, असा डेल्टा शोधून दाखवावा लागतो. १ आणि एप्सिलॉनचा पाचवा भाग यांपैकी लहान संख्या डेल्टा म्हणून चालते, कारण २ पासूनचे अंतर १ पेक्षा कमी असले की क्ष अधिक २ ही बेरीज ५ च्या आत राहते. हा ‘पाच’ कच्च्या कागदावर शेवटापासून मागे येत सापडतो आणि वहीत मात्र पहिल्याच ओळीत लिहिला जातो. सिद्धता सुचण्याचा क्रम आणि ती मांडण्याचा क्रम परस्परांच्या उलट असू शकतात, हे उमगेपर्यंत लेखकाला पाठ्यपुस्तकातील प्रत्येक डेल्टा आकाशातून पडल्यासारखा वाटत असे. प्रात्यक्षिकाच्या तासाला कच्चे काम फळ्यावरच होऊ लागले, तेव्हा ते गूढ उकलले.

ग्रुप थिअरीत अडचण निराळी असते. ग्रुप म्हणजे साहचर्य पाळणारी क्रिया, अविकारक घटक आणि प्रत्येक घटकाचा व्यस्त असलेला संच. एवढ्या थोडक्या अटींवरून, उपग्रुपातील घटकांची संख्या सान्त ग्रुपातील घटकसंख्येला निःशेष भागते, हे लाग्रांजचे प्रमेय निघते, आणि म्हणून ७ घटकांच्या ग्रुपात एकटा अविकारक घटक व तो ग्रुप स्वतः यांखेरीज उपग्रुप असूच शकत नाही. आकडेमोड जवळजवळ न करता इतके ठाम विधान करता येते, याचा आनंद लेखकाला आजही ताजा वाटतो.

तथापि सर्वांत खोल समाधान दोन विषय एकमेकांना भेटतात तेथे मिळते. अनेक चलांच्या फलाचा अवकलज ही एकच संख्या नसून त्या बिंदूजवळ फलाच्या अगदी निकट जाणारे रेषीय रूपांतरण असते, हे रेषीय बीजगणितानंतर ध्यानात येते, आणि आंशिक अवकलजांचा तो कोरडा सारणीबंध त्या रूपांतरणाचे लेखन ठरतो. मेट्रिक स्पेसमध्ये, म्हणजे ज्या संचातील कोणत्याही दोन घटकांमधील अंतर ठरावीक नियमांनी मोजता येते अशा संचात, हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. ही संकल्पना मॉरिस फ्रेशे यांनी १९०६ मध्ये मांडली. तिच्यातील घटक बिंदूच असावेत असे नाही. ० ते १ या अंतरालावरील दोन संतत फलांमधील अंतरही त्यांच्या किमतींतील सर्वांत मोठ्या फरकाने मोजता येते. क्ष, क्ष चा वर्ग, क्ष चा घन या क्रमातील प्रत्येक फल संतत असूनही बिंदुशः मिळणारी सीमा १ पाशी तुटते, हे उदाहरण वास्तव विश्लेषणात एकविध अभिसरणाची गरज पटवण्यासाठी येते. एकविध अभिसरण म्हणजे याच नव्या अंतराने होणारे अभिसरण, हे कळल्यावर लेखकाने वास्तव विश्लेषणाची जुनी वही पुन्हा उघडून त्यातील प्रमेये या दृष्टीने वाचली; पाठ केलेल्या कितीतरी अटी तेव्हा पाठ करण्याची गरज उरली नाही.