प्रकाश किती आणि कुठे?

व्यापार करणाऱ्या घराला रात्रीचा प्रवास टळत नाही. दिवसभर दुकान सांभाळून खरेदीला किंवा वसुलीला गेलेला मालक अंधार पडल्यावरच परतीच्या वाटेला लागतो. लग्नकार्य आटोपून निघालेले कुटुंब मध्यरात्री घर गाठते. पुणे–सोलापूर महामार्गासारख्या मोठ्या रस्त्यावर मधला दुभाजक समोरच्या गाड्यांचा झोत पुष्कळसा अडवतो. तेथून तालुक्याच्या गावाकडे वळले की दुभाजक संपतो, रस्ता अरुंद होतो आणि हंगामात उसाने भरलेली ट्रॉली मागच्या दिव्याविना पुढे चाललेली असते. अशा वेळी गाडीचे दिवे अपुरे वाटू लागतात आणि अप्परसाठी अधिक तेजस्वी बल्ब टाकण्याचा विचार पक्का होतो.

हा विचार चुकीचा नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. धोका ध्यानात येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले, तर ३३ मीटर अंतर तेवढ्यातच संपते. कोरड्या रस्त्यावर गाडी उभी राहण्यास आणखी सुमारे ४० मीटर लागतात. डिप्परचा उपयोगी प्रकाश बहुधा याच्या आतच संपतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर अप्पर ही चैन नसून गरज आहे. प्रश्न आहे तो कोणता बल्ब घ्यावा याचा, आणि येथे बहुतेक गिऱ्हाईक केवळ वॅटचा आकडा पाहून निर्णय घेते.

आपल्याकडील बहुसंख्य जुन्या व लहान गाड्यांत एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. मोटारीच्या दिव्यांत हॅलोजन बल्ब युरोपात १९६२ साली आला. एकाच काचेत अप्पर आणि डिप्पर अशा दोन तारा असलेला एच-४ त्यानंतर १९७१ साली आला. त्यावर ६०/५५ वॅट असे लिहिलेले असते. अप्परची तार ६० वॅटची, तिचा प्रकाश सुमारे १६५० ल्युमेन. डिप्परची ५५ वॅटची, तिचा सुमारे १००० ल्युमेन. डिप्परच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून तो रिफ्लेक्टरच्या केवळ वरच्या भागावर पडून रस्त्याकडे वळतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. अप्परची तार रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूशी बसवलेली असते, त्यामुळे तिचा झोत एकवटून दूर जातो. तार एक-दोन मिलिमीटर सरकली तरी हा सारा हिशेब बिघडतो. दिव्याचे खरे मर्म बल्बच्या तेजाइतकेच या जागेत आहे.

गॅरेजमध्ये पहिला सल्ला ठरलेला असतो, “शेठ, शंभर-नव्वद टाका, रस्ता दिवसासारखा दिसेल.” येथे व्यापाऱ्याने आपलीच हिशेबी नजर वापरावी. ६० वॅटच्या तारेतून १२ व्होल्टला ५ अँपिअर प्रवाह वाहतो, १०० वॅटच्या तारेतून ८ अँपिअरहून अधिक. वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती जवळजवळ पावणेतीन पट होते. मूळ वायर, होल्डर आणि स्टिअरिंगजवळचा स्विच एवढ्या भारासाठी केलेले नसतात. होल्डर वितळल्याची तक्रार यातूनच उद्भवते. बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, फ्यूज आणि रिले बसवल्यास वायरिंगचा धोका टळतो. रिफ्लेक्टर व काचेला बसणारी जादा आच मात्र राहतेच. आता लाभाचे पाहू. अंतर दुप्पट झाले की तेवढाच उजेड पडण्यास चौपट प्रकाश लागतो. त्यामुळे प्रकाश वॅटच्या प्रमाणात वाढला असे मानले, तरी १०० मीटरवर जे दिसत होते ते फार तर १३० मीटरच्या आतच दिसेल. खर्च आणि आच पावणेदोन पट-पावणेतीन पट, आणि मिळकत तीन दशांशांहून कमी, असा हा सौदा आहे.

दुसरा पर्याय ६०/५५ वॅटचाच, पण अधिक उजळ म्हणून विकला जाणारा हॅलोजन बल्ब. चांगल्या कंपनीच्या अशा बल्बमध्ये तार अधिक नेमकी आणि अधिक तप्त ठेवलेली असते, त्यामुळे झोताचा मधला भाग खरोखर उजळतो. वायरिंगला त्रास होत नाही. त्याची किंमत मात्र आयुष्यात मोजावी लागते. तार जितकी तप्त तितकी ती लवकर तुटते. निळसर रंग दिलेले बल्ब वेगळे. तो रंग प्रकाशाचा काही भाग गाळून टाकतो. दिसायला तो पांढरा भासतो, रस्त्यावर मात्र कमी पडतो. कोणताही हॅलोजन बल्ब बसवताना काचेला बोट लावू नये. बोटावरचे तेल तापून काच त्या जागी दुर्बळ होते.

तिसरा पर्याय एलईडीचा. वीज कमी, प्रकाश शुभ्र, आयुष्य मोठे, हे त्याचे गुण खरे आहेत. परंतु मूळच्याच एलईडीसाठी घडवलेला दिवा आणि हॅलोजनच्या जागी बसवलेला एलईडी बल्ब या दोन वस्तू एक नव्हेत. हॅलोजनची तार सर्व बाजूंना प्रकाश फेकते. एलईडीच्या चिप सपाट पट्टीच्या दोन बाजूंना असतात. त्या चिप मूळ तारेच्या नेमक्या जागी आल्या आणि डिप्परसाठीची वाटी बरोबर बसली, तरच झोत नीट राहतो. स्वस्त बल्बमध्ये हे क्वचितच साधते. गाडीजवळची जमीन लखलखते, चालकाला समाधान वाटते, पण दूरचा भाग अंधारातच राहतो आणि डिप्परचा प्रकाश वर उधळतो. मागचा पंखा किंवा उष्णता वाहून नेणारा भाग मोठा असल्याने रबरी झाकण बसत नाही, मग पावसाळ्यात आत ओल शिरते.

झेनॉनचेही असेच. ३५ वॅटचा झेनॉन बल्ब सुमारे ३२०० ल्युमेन देतो, पण तो स्वतःसाठी घडवलेल्या दिव्यातच शोभतो. युरोपात २००० ल्युमेनहून तेजस्वी डिप्परसाठी झोताची उंची आपोआप राखणारी व्यवस्था आणि काच धुण्याची सोय आवश्यक ठरवली गेली, ती उगीच नव्हे. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये झेनॉन बसवणे म्हणजे समोरून येणाऱ्याला आंधळे करणे होय.

यातून निवडीचा एक सोपा नियम निघतो. काही गाड्यांत अप्पर आणि डिप्परचे बल्ब वेगळे असतात. तेथे अप्परचा बल्ब बदलल्याने डिप्परला बाधा येत नाही आणि समोरून कोणी आले की तो बंदच होतो. एच-४ मध्ये मात्र एक बल्ब बदलला की दोन्ही झोत बदलतात. म्हणून एच-४ वाल्याने वॅट न वाढवता उत्तम प्रतीचा हॅलोजन बल्ब, दोन्ही बाजूंना एकाच वेळी, हा मार्ग धरावा. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीतील फेरफारांवर बंधने घालते, हेही ध्यानात ठेवावे.

आणि बल्ब घेण्याआधी जुन्याच दिव्याचा हिशेब तपासावा. काचेऐवजी आलेले पॉलिकार्बोनेट उन्हाने पिवळे पडते. ते घासून स्वच्छ केल्यास गेलेला पुष्कळ प्रकाश परत येतो. गंजलेल्या जोडांमुळे बल्बपर्यंत व्होल्टेज १० टक्के कमी पोहोचले, तर प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो. व्यापाऱ्याच्या गाडीत डिक्कीत कापडाचे गठ्ठे किंवा मालाची खोकी असतात. मागचा भाग दबतो, पुढचा उचलला जातो आणि डिप्परसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. पुष्कळ गाड्यांत झोत खाली घेण्याचे लहान चाक चालकाजवळच असते. ते वर्षानुवर्षे कोणी फिरवत नाही.

समोरच्याच्या डोळ्यांचा प्रश्न सौजन्यापुरता नाही. प्रखर झोतानंतर डोळे सावरण्यास काही सेकंद लागतात, वय झालेल्या चालकाला अधिक. ताशी ६० किलोमीटर वेगात दोन सेकंदांत ३३ मीटर अंतर कापले जाते. तेवढा वेळ समोरची गाडी न पाहताच आपल्याकडे येत असते, आणि तिच्या वाटेत ती उसाची ट्रॉली, सायकलस्वार किंवा आपलीच गाडी असू शकते. दुसऱ्याला दिसेनासे करणारा दिवा शेवटी आपल्यालाच असुरक्षित करतो.

म्हणून नवा बल्ब बसवल्यावर परीक्षा स्टिअरिंगमागे बसून करू नये. संध्याकाळी मोकळ्या, वर्दळ नसलेल्या जागी मुलाला गाडीत बसवावे, नेहमीइतका माल मागे ठेवावा आणि मालकाने स्वतः ५० मीटर पुढे जाऊन गाडीकडे तोंड करून बसावे, समोरच्या गाडीतील चालकाचे डोळे जेवढ्या उंचीवर असतात तेवढ्या उंचीवर. डिप्पर लावल्यावर डोळे मिटावे लागले, तर तो बल्ब कितीही महाग असो, दुकानदाराकडे परत करावा.