कडेपासून दीड हात

शाळेत शिकवलं होतं, सायकल डावीकडून चालवायची. नियम बरोबरच आहे. पण पुण्यातल्या कर्वे रस्त्याची डावी कड म्हणजे खचलेली चेंबरं, साचलेली खडी, थांब्याकडे वळणारी बस आणि राँग साइडने येणारा दुचाकीवाला. यातलं काही चुकवायला ऐनवेळी उजवीकडे घ्यावं, तर मागून गाडी असतेच. म्हणून मी कडेपासून दीड हात आत, सरळ रेषेत चालवतो. मागच्याला मी लांबूनच दिसतो.

*

उभ्या मोटारींच्या रांगेपासून दाराइतकं अंतर सोडायचंच. ताशी १८ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ५ मीटर. दार उघडलेलं कळून ब्रेक दाबेपर्यंत तेवढं अंतर सरलेलं असतं. एकदा मी असा आपटलोय. कोपर अजून दुखतं.

*

सिग्नलला बसच्या डाव्या बगलेत कधीही घुसू नये. बस डावीकडे वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत जातात. बस आणि कठडा यांच्यातली फट बघता बघता मिटते. ड्रायव्हरला दिसू अशा बेताने पुढे थांबावं, नाहीतर बसच्या मागे.

*

मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं तर मी दोन टप्पे करतो. हिरव्या दिव्यावर सरळ पलीकडे जायचं, डाव्या कोपऱ्यात थांबून सायकल वळवायची आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की निघायचं. मिनिटभर जास्त लागतो. लागू दे.

*

पावसात झेब्राचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं साबणासारखी निसरडी होतात. त्यांच्यावर वळू नये, ब्रेकही दाबू नये. रिमला घासणारे ब्रेक ओले झाले की उशिरा लागतात. आधीच हलके दाबून पाणी निपटून काढावं. डबक्याची खोली वरून कळत नाही, तेव्हा त्यात चाक घालू नये.

*

पुण्याचा सायकल आराखडा २०१७ सालचा. तरी आखलेल्या पट्ट्यावर दुचाक्या उभ्या दिसतात. पट्टा मोकळा मिळणं हा सायकलवाल्याचा हक्क आहे आणि तो मागत राहायला हवा. पण उद्या सकाळी मुलं क्लासला निघणार आहेत, ती याच रस्त्याने.

*

रविवारी भाचीला रिकाम्या मैदानावर घेऊन गेलो. चुन्याची रेघ मारली. रेघेवरून चालवत मागे वळून बघायचं, एवढंच शिकवायचं होतं.

“मामा, मागे बघितलं की सायकल उजवीकडेच जाते.”

“उजवा हात सोड. मांडीवर ठेव. आता बघ.”

सातव्या-आठव्या फेरीला तिने मान वळवली, माझ्याकडे नीट बघितलं, आणि पुढचं चाक रेघेवरच राहिलं.