शंभरात सात

फाउंड्रीत जन्म काढलेल्या माणसाबरोबर वाळवंट बघायला जाऊ नये. मांडवीच्या किनाऱ्यावर सगळे मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभे होते आणि आमचे हे ओणवे होऊन मूठभर वाळू उचलत होते. दाबली, मूठ उघडली, वाळू बोटांतून सांडली. "धरत न्हाई ही," म्हणाले. मोल्डिंगच्या वाळूत हयात घालवलेल्या माणसाचा तो अभिप्राय होता. सूर्याबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं.

कच्छला जायचं खूळ दोघांचंही, पण कारणं वेगळी. मी प्राथमिक शाळेत शिकवलं. भिंतीवरच्या नकाशात पार डावीकडे 'कच्छचे रण' ही अक्षरं असत. पुस्तकात त्यावर दोन ओळी. त्या वाचून झाल्या की रण संपायचं. ह्यांचं कारण गोणीवर छापलेलं होतं. बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत बेंटोनाइटच्या गोण्या यायच्या, त्यांवर कच्छचा पत्ता असे. ओतकामाचा साचा वाळूचा, पण नुसती वाळू उभी राहत नाही. शंभर भाग वाळूला सात-आठ भाग ही माती, थोडी कोळशाची पूड आणि तीन-चार टक्के पाणी दिलं की वाळू आकार धरते. मग तिच्यात तेराशे-चौदाशे अंशांचं लोखंड ओतलं तरी साचा हलत नाही. "ही माती येतीया कुठनं, ते एकदा बघायचं," हे कितीतरी वर्षं म्हणत होते. रिटायर झाल्यावर म्हणणंच उरलं होतं. थंडी सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, चला.

आमचं घर बेळगावजवळच्या पिरनवाडीत. इथल्या फाट्यावरून एक रस्ता खानापूरला जातो, दुसरा जांबोटी-चोर्ल्यावरून गोव्याला. लोकांच्या सहली दारावरून जाताना बघायची आम्हाला सवय. आपण निघालो तर गोवा, नाहीतर पंढरपूर. जुन्या वॅगन-आरनं उत्तरेकडे तोंड केलं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "ह्या वयात दोघंच? कुणाला तरी संगती घ्या की."

तवंदीचा घाट उतरून निपाणी ओलांडली. पुढं कोल्हापूर, पुणे, वडोदरा, अहमदाबाद असा 48 नंबरचाच रस्ता. इतक्या वाटेत आम्ही बोललो ते गॅसच्या सिलिंडरवर, दूधवाल्यावर, धाकटीच्या बदलीवर, घरपट्टीवर. संसार बहुतेक अशाच बोलण्यावर चालतो आणि त्यात वाईट काही नाही. कामं असतात, ती बोलूनच उरकावी लागतात.

सूरजबारीचा पूल ओलांडला आणि कामं मागं पडली. दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग. कच्छ हा देशातला सर्वांत मोठा जिल्हा. 45,674 चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या शेजारच्या गोव्यासारखी बारा राज्यं आत मावतील. चहाच्या टपरीवर गाडीची केए 22 ही पाटी वाचून एकानं विचारलं, "बेंगलोर से?" ह्यांनी "हां, कर्नाटक" म्हटलं आणि वळून मला मराठीत म्हणाले, "साखर कमी सांगू?" तो माणूस आमच्याकडे बघतच राहिला. सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगायची सवय असते. 1956च्या राज्य पुनर्रचनेत आमचा मराठी भाग कानडी राज्यात गेला, तेव्हापासून आम्ही तेच करत आलोय. पण चहा निवत होता.

मांडवी तालुक्यात एका खाणीपाशी मुकादमानं आम्हाला उभं राहू दिलं. उघडा खड्डा, करड्या-पिवळसर मातीचे थर, आणि वर मोकळ्या पटांगणात ढेकळं उन्हाला पसरलेली. वाळली की दळायची आणि गोणीत भरायची. ह्यांनी एक ढेकूळ उचललं, बाटलीतलं थोडं पाणी त्यावर ओतलं आणि ते फुगताना बघत बसले. मी त्यांना देवळात इतकं एकाग्र झालेलं पाहिलेलं नाही. ह्या मातीची गोष्ट मी नंतर वाचली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींनी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर अंथरले. त्या काळ्या पाषाणाची दक्षिणेकडची कड आमच्या बेळगाव भागात येते आणि वायव्येकडची कच्छमध्ये. ह्याच खडकाच्या आणि राखेच्या झिजेतून, बदलातून तिथं बेंटोनाइट तयार झालं. म्हणजे एवढं अंतर तोडून आम्ही पोचलो ते आमच्याच दगडाच्या दुसऱ्या टोकाला. ते ऐकून हे म्हणाले, "मग आपल्याकडं का न्हाई झाली ती माती?" शिक्षकाला गप्प करणारे प्रश्न असे शाळेबाहेरच भेटतात.

लखपतला गेलो. कोट अजून भक्कम, आत मोजकी घरं. एके काळी इथं सिंधूचं पाणी येत होतं, बंदर चालत होतं. 1819च्या भूकंपात उत्तरेला जमीन उचलली गेली, लोक तिला अल्लाहबंद म्हणतात. पाणी तुटलं आणि गाव बसलं. बुरुजावरून पलीकडे खाडी आणि चिखल, त्यापलीकडे दुसरा देश. आमच्याकडे सीमा म्हटली की पाट्या, मोर्चे, कोर्टाच्या तारखा डोळ्यांपुढे येतात. इथं सीमा दिसतच नव्हती.

भुजहून खावड्याच्या रस्त्याला लागलं की कर्कवृत्ताची पाटी लागते, मग बन्नीचं गवताळ माळरान. गवताळ म्हणायचं, पण निम्म्या जागेत वेडी बाभूळ माजली आहे. रण पुढं सरकू नये म्हणून 1960च्या दशकात ती मुद्दाम लावली, आणि तिनंच कुरणं गिळली. इथल्या म्हशी रात्री चरायला जातात आणि सकाळी धारेला आपणहून परत येतात. इथल्या मालधारी, म्हणजे गुरं पाळणाऱ्या, लोकांनी पाण्याचीही एक युक्ती काढली आहे. जमिनीखालचं पाणी खारट. पण सखल जागी पावसाचं पाणी मुरलं की ते हलकं असल्यामुळं खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहतं. तिथं उथळ खड्डा खणून लाकडं आणि गवताचं अस्तर लावतात, त्याला विरडा म्हणतात. उपसा बेतानं करावा लागतो. हाव धरली की खालचं खारं पाणी वर येतं. वर्षाला पंधरा इंचांच्या आसपास पाऊस, तोही नेमाचा नाही. आमच्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला एवढा पाऊस आठवड्यात पडून जातो आणि मे महिन्यात आम्ही टँकरची वाट बघतो. धोलावीराच्या हडप्पाकालीन वस्तीत तर साडेचार हजार वर्षांपूर्वी लोकांनी दोन पावसाळी ओढे अडवून गावाभोवती तलावांची रांगच खोदली होती. पाणी कमी असलेल्यांनीच त्याचा हिशेब नीट ठेवला, हे तिथं पायऱ्या उतरताना कळतं.

खावड्याहून धोलावीराला जाणारा रस्ता रणातून जातो. दोन्हीकडे पांढरं, समोर डांबराची सरळ पट्टी, गाव नाही, वळण नाही. ह्यांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. वारा पडलेला. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग हे म्हणाले, "तुला काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"मला फेटलिंग चालू हाय बघ. अजून."

फेटलिंग म्हणजे ओतून थंड झालेल्या कास्टिंगच्या कडा घासून, तोडून साफ करणं. ग्राइंडर आणि हातोड्यांचा तो आवाज त्यांच्या कानात कायमचा राहिला होता. घरात पंखा, टीव्ही, फाट्यावरच्या गाड्या. त्यात तो मिसळून जायचा. रणात मिसळायला काहीच नव्हतं. मग ते हळूहळू बोलत गेले. शिफ्टवरून आल्यावर निम्मं बोलणं ऐकूच यायचं नाही. पुन्हा विचारावं तर मी शाळेतून दमून आलेली, म्हणून हे नुसती मान हलवायचे. माझ्या लेखी तो रुसवा असायचा, कधी कंटाळा, कधी पुरुषांचा स्वभाव. एवढ्या वर्षांच्या संध्याकाळी मी एका अर्थानं वाचल्या होत्या आणि त्यांचा अर्थ असा एका मोकळ्या रस्त्यावर बदलला.

हे घरी का सांगितलं नाही, असं मी विचारलं नाही. घरी सांगायला जागाच नव्हती. घरात प्रत्येक वाक्यामागं दुसरं एक काम उभं असतं. वाळवंट माणसाला शहाणं करतं वगैरे मी म्हणणार नाही. ते फक्त बोलायचे विषय काढून घेतं, सिलिंडर, दूध, घरपट्टी, सगळे. आणि मग जे कधीच विषय झालं नव्हतं ते तोंडाशी येतं. त्यासाठी रस्ता लांबही लागतो. एका दिवसाच्या सहलीत घर संपत नाही, डब्याबरोबर तेही गाडीत असतं.

धोलावीराच्या मुक्कामी मी माझ्या सवयीनं धडा काढला. म्हटलं, "अहो, संसारही तुमच्या वाळूसारखाच की. सगळी वाळूच असते, रोजची कामं. धरून ठेवणारी माती शंभरात सात."

हे हसले. "आणि पाणी इसरलीस. पाणी जास्त झालं की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, भोकं पडतात. ज्यांचं लई गोड चाललंय म्हणतात त्यांच्याकडं बघ."

मग गंभीर होऊन त्यांनी पुढचं सांगितलं, ते मला ठाऊक नव्हतं. साचा फोडल्यावर वाळू टाकून देत नाहीत. चाळून, गार करून तीच पुन्हा वापरतात. पण लोखंडाच्या लगतची माती जळून मेलेली असते, तिच्यात पकड उरत नाही. वरून ती दिसायला सारखीच. वाळू हातात घेऊन दाबल्याशिवाय फरक कळत नाही. म्हणून प्रत्येक खेपेला थोडी ताजी माती आणि थोडं पाणी घालावंच लागतं. "न्हाई घातलं तर चार-दोन खेपा चालतंय," ते म्हणाले, "मग एकदम साचा ढासळतोय, आणि लोक म्हणत्यात वाळू वाईट."

वाळू वाईट नसते. बाजूच्या घरांतली मोडलेली लग्नं, आमचीही अवघड वर्षं, मी स्वभावांच्या नावावर टाकून मोकळी होत आले होते. त्यापेक्षा ताजी माती शेवटची कधी घातली हा प्रश्न बरा. तो विचारायला कच्छलाच जायला हवं असं नाही. पण जिथं दोघांना एकमेकांशिवाय बघायला काही नसेल, अशा एखाद्या रस्त्यावर जावं लागतं, आणि गाडी मधेच थांबवायची फुरसत असावी लागते. परत आल्यावर पहिलं काम आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे जाण्याचं केलं. यंत्र बसवलंय. आता माझं सगळंच ऐकू येतं, अशी ह्यांची नवी तक्रार आहे.